काचेवरचे ठसे

पोलादपूरच्या कॉलेजातली संगणकाची लॅब मी सांभाळते. सकाळी महाडहून एसटीने येते, कुलूप उघडते आणि आधी फडकं हातात घेते, कारण पडद्यांवर आदल्या दिवशीचे बोटांचे ठसे असतात. पूर्वी मला नुसता राग यायचा. मग एकदा लक्षात आलं, की ठसे वाटेल तिथे नसतात. 'नेक्स्ट'चं बटण दिसतं, नेमके तिथेच असतात.

मला याची फार गंमत वाटली. मी नोकरीला लागले तेव्हाची मुलं माऊसला बिचकायची, पण काचेला कुणी बोट लावत नसे. आताची मुलं फोनवर वाढलेली. कीबोर्डवर दोन अंगठ्यांनी टाइप करतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, ह्यो एवढा लांब कशाला हाय?"

त्याच सुमारास प्राचार्यांनी लॅब काढून टाकायचं मनात घेतलं. जुनी मशीनं भंगारात, त्या जागी लांब टेबलं, प्लग आणि वायफाय. "आता प्रत्येकाच्या खिशात संगणक आहे. तुमची लॅब ठेवायची कोणासाठी?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला झोंबला.

उत्तर मिळालं आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीवरून येणाऱ्या मुलीकडून. शेवटच्या वर्षाला होती. मुंबईच्या भावाने दिलेला चांगला फोन जवळ असूनही ती रोज लॅबमध्ये येऊन बसायची, आणि सगळ्यात जास्त ठसे तिच्याच पडद्यावर. न राहवून मी विचारलं, "फोन आहे ना गं तुझ्याकडे? मग इथे काय करतेस?"

"भरतीची परीक्षा कंप्युटरवर असते ना, मॅडम. मागच्या टायमाला उत्तरं येत होती. पण बोट आपलं काचेवरच जायचं. तो माऊसचा बाण हलवता हलवता टाइम संपला." माऊसवर हात ठेवत म्हणाली, "दिवाळीनंतर परत हाय परीक्षा. लॅब गेली तर मी शिकू कुठं?"

मला तिचं वाईट वाटलं आणि स्वतःचं हसूही आलं. इतके दिवस मी उत्तरच फडक्याने पुसत होते.

प्राचार्य खोली बघायला येणार होते, त्या सकाळी मी पडदे पुसलेच नाहीत. साहेबांपुढे घाण पडदे ठेवायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मला कळत होतं. ते आले, वाकून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. मी नुसतं त्या मुलीला सराव परीक्षा सोडवायला बसवलं.

तिने उजवा हात माऊसवर ठेवला आणि डावा मांडीखाली दाबून घेतला. हे मीही प्रथमच पाहत होते. प्राचार्यांनी विचारलं, "हाताला काय झालं?"

"काय नाय, सर. मोकळा सोडला की काचेकडं पळतो."

प्राचार्य हसले नाहीत. तिच्यामागे उभे राहून त्यांनी पेपर संपेपर्यंत पाहिलं. बाण हवा तिथे नेताना ती श्वास रोखून धरत होती, आणि एकदा तर मीही धरला. जाताना ते म्हणाले, "मागची रांग राहू द्या. पुढे प्लग बसवू."

तशी आमची लॅब आता अर्धी राहिली आहे. पुढे मुलं फोन चार्जिंगला लावून बसतात, मागे जुनी मशीनं घरघरतात. आणखी काही वर्षांनी इथे काय असेल, मला खरंच ठाऊक नाही. बघायला मात्र आवडेल.

परीक्षेच्या दिवशी तिचा पनवेलहून फोन आला. मी घाईने विचारलं, "पेपर कसा गेला?"

"पुरा झाला, मॅडम. टाइम उरला." मग म्हणाली, "डावा हात टेबलावरच ठेवलेला. कुठं गेला नाय."

फोन ठेवून मी मागच्या रांगेकडे वळले, तर टोकाच्या पडद्यावर 'नेक्स्ट'पाशी एक नवा ठसा होता. फडकं तसंच खुर्चीवर टाकलं आणि तिथे कोण बसतं ते बघत थांबले.