कोचबाईंचं ‘बस’

आमच्या शेजारच्या कोचबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलं, अशी बातमी गेल्या गुरुवारी इमारतभर झाली. ती मीच केली, तेव्हा उगम शोधत बसू नका. भाऊजी भरदुपारी जिन्यात बसून, मांडीवर ताट घेऊन जेवत होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. पुढचं मी पदरचं घातलं.

तासाभराने मीच आत डोकावले, तर प्रकार निराळाच. जेवायच्या टेबलावर खडूने बास्केटबॉलचं मैदान आखलेलं आणि त्यावर स्वयंपाकघरातले डबे खेळत होते. ताटाला जागा नाही आणि डबे हलवायची परवानगी नाही.

"डबे हलेनात, म्हणून मी हललो," भाऊजी म्हणाले.

मी मिठाचा डबा जरा बाजूला करून टेकायला गेले, तर कोचबाई खेकसल्या, "तिला हात लावू नका. ती डावखुरी आहे."

कोचबाई म्हणजे मुलींच्या व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षक. त्यांचा संघ प्लेऑफमध्ये पोचला होता. तीनपैकी दोन सामने जिंकले की अंतिम फेरी. एक जिंकला, एक हरला, उरला रविवारचा. मालकांनी तोंडावर सांगून टाकलं होतं, अंतिम फेरी नाही तर पुढचा करार नाही. म्हणून घरातलं मीठ-साखर सगळं कामाला लागलेलं.

मधोमध तेलाची उंच बरणी होती. ती शिडी, संघाची तारका. सर्वांत जास्त गुण तिचेच.

"गुण काय, सगळ्यांनाच दिसतात," कोचबाई म्हणाल्या. "मी नेम चुकल्यानंतरचं बघते. कुणी पंचाकडे डोळे वटारते, कुणी छताकडे बघते. जी कुठेही न बघता चेंडूमागे सुटते, तिचं नाव मी वहीत लिहिते."

"शिडीचं किती वेळा आलं?"

"एकदा. त्या दिवशी तिला बाथरूमला जायचं होतं."

"आणि ही बुटकी डबी?"

"ती चिमटी. तिच्यापायी दुसरी वही आणली."

"मग बसवा की शिडीला बाहेर."

कोचबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच बाहेर बसावं. "तिकिटावर फोटो शिडीचा आहे, माझा नाही. मालकांची लाडकी आहे ती."

रविवारी दुपारी भाऊजी, त्यांची आई आणि मी त्यांच्याच सोफ्यावर टीव्हीसमोर ठाण मांडलं. शिडीचे लागोपाठ चार नेम हुकले आणि चारही वेळा तिने पंचांची खरडपट्टी काढली. बावीस सेकंद उरले, आपण एका गुणाने मागे. कोचबाईंनी खेळ थांबवून मुलींना गोळा केलं. टीव्हीवर शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ताई, बॉल मलाच द्यायला सांगा," शिडी म्हणाली. "या बाकीच्यांना जमत नाही, पंच माझ्यावर डूख धरून आहेत, आणि..."

"बस," कोचबाई म्हणाल्या.

आता हा शब्द पक्का लबाड. पुरे कर म्हणायचं तरी बस, बूड टेक म्हणायचं तरी बस. शिडीने बूड टेकलं. डोक्यावर टॉवेल ओढून फुरंगटून बसली. चिमटीने इकडेतिकडे पाहिलं, जाकीट काढलं आणि गुण मांडणाऱ्यांच्या टेबलावर आपला नंबर सांगून मैदानात शिरली. कोचबाई खाली मान घालून पाटीवर रेघा ओढत होत्या. मान वर केली, तर पाचवी खेळाडू चिमटी. त्यांनी तोंड उघडलं. शिडीकडे पाहिलं, चिमटीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तेरा वर्षांच्या शेजारात त्यांचं उघडलेलं तोंड शब्दाविना मिटलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"ती लांबडी का गं बसली? गुडघा दुखतो का तिचा?" कोचबाईंच्या सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, आपला करार दुखतोय," म्हणून भाऊजींनी उशीचं टोक दातांत धरलं.

चिमटीच्या हातात चेंडू आला. तिने फेकला. हुकला. भाऊजींनी डोळे मिटले, म्हणून पुढचं त्यांना मी सांगितलं: चेंडू कड्याला लागायच्या आत ही बया पळत सुटली होती. दोन धिप्पाड पोरींच्या काखेतून घुसली, चेंडू उचलला आणि भोंगा वाजता वाजता जाळीत सोडला. एका गुणाने जिंकलो. भाऊजी सोफ्यावर नाचले, माझ्या चष्म्यासकट. सासूबाई मला मिठी मारून विचारत होत्या, "आपण कुठल्या रंगाचे?"

सोमवारी वर्तमानपत्रांनी ‘धाडसी निर्णय’ म्हणून कोचबाईंना डोक्यावर घेतलं. मालक स्वतः दोन वर्षांचा करार घेऊन सरावाला आले, सही करून गेले.

संध्याकाळी मी गाठलंच. त्या डबे फडताळात लावत होत्या.

"खरं सांगा ताई, तुमचं ते ‘बस’ पुरेवालं होतं की बुडावालं?"

त्या म्हणाल्या, "मालकांनी सही करताना अर्थ विचारला नाही. आणि तुम्हाला सांगितला, तर जिना उतरेपर्यंत त्याचा तिसराच होईल."