शिदोरीला पोत्याचा टाका

सासूबाईंनी दुरडीतली एक कापणी उचलली आणि स्टीलच्या ताटाच्या कडेवर आपटली. टक. पुन्हा आपटली. टक टक. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दगड पाठवलेत का गं तुझ्या आईनं?"

कॉलनीतल्या सहा-सात बायका गोल करून बसल्या होत्या. सगळ्या हसल्या. एकीला तर हसून हसून ठसका लागला, तिला पाणी आणून द्यायला मलाच उठावं लागलं.

ब्याण्णव साली माझं लग्न झालं. त्यानंतरची ही पहिली नागपंचमी. आमच्याकडे रीत अशी की लेक माहेराहून सासरी निघाली की आई दुरडीत शिदोरी भरते, वरून फडकं घालते आणि ते कडेकडेनं सुईदोऱ्यानं टाचते. वाटेत ते उसवायचं नाही. सासरी सासूनं चार बायका बोलवायच्या, त्यांच्यासमोर टाके उसवायचे आणि शिदोरी शेजारीपाजारी वाटायची. सुनेचं माहेर केवढं आहे ते सगळ्यांना त्यातून कळतं. माझं केवढं आहे ते त्या दिवशी ताटावर वाजून कळलं.

आई शेवगाव तालुक्यात दुसऱ्याच्या कापसात खुरपायला जायची. वडील मी लहान असतानाच गेले. कापण्या म्हणजे कणीक-गुळाच्या तळलेल्या वड्या. त्यात मोहन घालायला तेल पुरलं नव्हतं, म्हणून त्या कडक झाल्या होत्या. दुसरं काही नाही. तळताना मी शेजारीच बसले होते, आणि आई दर घाण्याला म्हणत होती, जरा कडकच झाल्या बाई.

"हे काय शेजारी वाटायचं? भांडीवालीला दे," सासूबाई म्हणाल्या. मी माझ्या हातानं दिल्या. भांडीवालीनं ओले हात पुसले, पदरात बांधून घेतल्या आणि मान खाली घालून गेली. तिच्या जागी माझी आई असती तरी तिनं तसंच केलं असतं.

हे लोक परके असते तर मी ते गिळलं असतं. ते आमचेच होते. एकाच धम्माचे, एकाच जातीतून आलेले. फक्त एक पिढी आधी नगरला आले, सासऱ्यांना सरकारी नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला. सासरे जयंतीला भाषण करायचे. रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीसमोर पंचशील म्हणायचे, पाचवं, नशा न करण्याचं शील जरा मोठ्यानं, कारण गल्लीत दारू पिणारे होते. पंचमी त्यांनी सोडली होती. नागाला दूध ही अंधश्रद्धा. पंचमीची शिदोरी मात्र सोडली नव्हती.

मला पोचवायला माझा थोरला भाऊ आला होता. दादा. तो बाहेरच्या खोलीत त्याच तसबिरीखाली बसला होता, हातात चहाचा कप. मधे फक्त पडदा. त्यानं सगळं ऐकलं. मी बाहेर गेले तेव्हा चहावर साय धरली होती आणि कप तसाच भरलेला होता.

निघताना फाटकापाशी तो एवढंच म्हणाला, "पुढच्या येळंला तुझ्या दुरडीला कोन हसनार न्हाई."

मला रडू आलं. भाऊ असावा तर असा, असं वाटलं.

दादा बारावी पास होता. नोकरी लागली नाही म्हणून शेवगावच्या मार्केटात हमाली करायचा. पोती भरायची, दाभणानं तोंडं शिवायची. त्या वर्षांत आमच्या गावात बोलायला एकच विषय होता, कोणी काय घेतलं. घरोघर टीव्ही आले होते आणि टीव्हीतली गाडी दोन महिन्यांत कोणाच्या तरी दारात उभी राहायची. दादाला मुलगी बघायला गेलो की मुलीचा बाप आधी विचारायचा, घर पत्र्याचं की स्लॅबचं. त्याच्याबरोबरची पोरं त्याला 'हमाल' म्हणूनच हाक मारायची, आणि ती पोरं आमच्याच वस्तीतली. मग एका बागाईतदारानं त्याला कामावर घेतलं. धरणाच्या पाण्याकडेची मोठी जमीन, सगळा ऊस. वर्षभरात दादाकडे हिरो होंडा आली. तो उसावर मुकादम झालाय, असं आई सांगायची.

पुढच्या पंचमीला दुरडी एवढी जड झाली की ती कंडक्टरनं उचलून दिली. नगरच्या स्टँडवर नवरा स्कूटर घेऊन आला होता. त्याची एमआयडीसीतली कंपनी बंद पडलेली. घरी पोचल्यावर त्यानं दुरडी थेट आमच्या खोलीत नेली आणि दार लावून आतच टाके उसवले. मग बाहेर आणून बायकांसमोर ठेवली. बुंदीचे लाडू, अनारसे, खारीक-खोबरं, सासूबाईंना साडी. कोणी हसलं नाही.

नवऱ्यानं आधी आत का नेली? मला वाटलं, माझी लाज राखतोय. आधी बघून घेतोय, उणं असेल तर झाकायला. माझ्यासाठी त्यानं रीत मोडली याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या आनंदात मी त्याला दोनदा चहा करून दिला. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

त्यानंतर दादा मला न्यायला सारखा येऊ लागला. पंचमी, दिवाळी, संक्रांत, गावची जत्रा. सासूबाई लगेच होकार द्यायच्या. सुनेला माहेरी धाडायची एवढी हौस असलेली सासू मी दुसरी पाहिली नाही. मला बसायला खुर्ची मिळू लागली. गळ्यात बोरमाळ आली. मला मुलगी झाली, तरी कोणी तोंड वाकडं केलं नाही.

मुलगी दोन वर्षांची असताना करंजीच्या घाटात एसटी बंद पडली. दुपारची वेळ, पोर भुकेनं रडत होती. जवळ खायला काही नाही, फक्त दुरडी. उसवायची नाही ते ठाऊक होतं. पण पोर थांबेना. कोपऱ्यातून एक लाडू काढावा म्हणून मी फडक्याची कड बघितली आणि तिथंच थांबले.

माझी आई डावखुरी. तिचे टाके डावीकडे कललेले असतात. लहानपणापासून माझे परकर, गोधड्या सगळं त्याच टाक्यानं शिवलेलं. आणि हा टाका सरळ होता. लांब, दाभणाचा. शेवटी दोन्ही टोकांना कापड चिमटीत धरून कान सोडले होते. पोतं दोन माणसांना उचलता यावं म्हणून हमाल कान सोडतात, तसे. माझ्या शिदोरीला कान होते. दादाचा हात त्या कामाला इतका बसलेला होता की बहिणीच्या दुरडीलाही त्यानं पोत्याचाच टाका घातला.

मी उसवलं. वर लाडूंचा एक थर. खाली प्लॅस्टिकच्या पिशव्या, दाबून भरलेल्या. तो वास मला ओळखू आला. त्याच बागाईतदाराच्या उसात मी लग्नाआधी खुरपायला गेले होते तेव्हा मधल्या सऱ्यांत जायला आम्हाला बंदी होती, आणि वारा आला की हाच वास यायचा. गांजा.

पोरीला लाडू दिला. फडकं पदराच्या पिनेनं टाचलं. गाडी सुरू झाली आणि मी ती दुरडी मांडीशी धरून नगरला आणली. फेकली नाही. स्टँडवर नवऱ्यानं पिन बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या खेपेला आईला विचारलं, "फडकं तूच टाचतेस ना?"

"व्हय. मीच की," आई म्हणाली. तिनं चुलीतून नजर काढली नाही.

दादाला शेताच्या बांधावर गाठलं. मला वाटलं होतं तो हात जोडेल, निदान मान खाली घालेल. तो चिडला. "तितं हसलं हुतं का न्हाई? आता हसतंय का कोन? माहेरवाशिनीची दुरडी पोलीस बी उसवत न्हाई. आन मला काय इचारती? दाजीला इचार. त्यानंच सांगितलं, दुरडीतनं धाड म्हनून."

म्हणजे माझी लाज राखायला नवऱ्यानं दार लावलं नव्हतं. माझ्या भावानं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून मला पोतं केलं होतं. आणि आईला ते ठाऊक होतं. माझ्याशी खोटं बोलायला माझी तीन माणसं एक झाली होती, आणि जग केवढंही वाईट असलं तरी ही तीन आपली, असं मी तोवर धरून चालले होते.

आता जे सांगते ते सांगायला मला आजही जड जातं. ठाऊक झाल्यावरही मी आणखी दोनदा दुरडी नेली. कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. मला ती खुर्ची हवी होती. पुन्हा ते टक टक ऐकायचं नव्हतं. बोरमाळ उतरवायची नव्हती. घाटात चेकिंगला गाडी थांबली तेव्हा मी पोरीला चिमटा काढला. ती रडायला लागली, हवालदार पुढं गेला. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला नवरा माहेरी आला होता. आम्ही जेवत होतो. पोरीनं कोपऱ्यातली रिकामी दुरडी ओढत आणली आणि डोक्यावर पालथी घातली. तिचं तोंडच दिसेना. सगळे हसलो. मीही हसले. मग नवरा घास चावता चावता म्हणाला, "अजून दहा वर्षांनी हीच नेईल."

दादा हसला. आईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. मी उठून पोरीच्या डोक्यावरची दुरडी काढली.

नवरा त्याच संध्याकाळी नगरला परतला. दुसऱ्या दिवशी मला दहाच्या गाडीनं जायचं होतं, मी नऊच्या गाडीत बसले. तो स्टँडवर यायच्या आत मी रिक्षानं घरी पोचले. दुरडी बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवली आणि स्वतः दारोदार गेले. "या, माझ्या माहेरची शिदोरी बघायला या." त्याच बायका आल्या. सासूबाई नको नको म्हणत होत्या, पण बायका बसल्यावर त्यांना उठवता कसं येणार?

मी विळी घेतली. कान धरले आणि टाके कापले. एकेक लाडू काढून एकेकीच्या हातावर ठेवला. मग पिशवी काढली, ताटात उपडी केली आणि सासूबाईंना विचारलं, "हेही शेजारी वाटायचं? का भांडीवालीला देऊ?"

वास खोलीभर झाला. एक बाई लाडू जमिनीवर ठेवून उठली, मग बाकीच्याही उठल्या. सासरे आतून आले. ताटाकडे बघून म्हणाले, "झाक ते आधी. घरातलं घरात राहू दे."

काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक होतं. रोज सकाळचं ते पाचवं शील माझ्या कानात वाजलं. मला त्यांची भीती वाटायची ती त्या क्षणी गेली, आणि आदरही गेला. मी ताट दुरडीत रिकामं केलं, पोरीला कडेवर घेतलं आणि चालत पोलीस ठाण्यात गेले. कोणी अडवलं नाही. त्यांना वाटलं, ही घाबरून फेकायला चाललीय.

ठाण्यात मी तीन नावं सांगितली. भाऊ, नवरा, बागाईतदार. जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात एकच नाव होतं. भावाचं. दुसऱ्या नावाला लिहिणारा म्हणाला, तुमचे सासरे चांगले गृहस्थ आहेत, संसार मोडू नका. तिसऱ्या नावाला त्यानं पेनाला टोपण लावलं. दादाला नेलं. ऊस तसाच उभा राहिला, तुटला आणि कारखान्यात गेला. आणि चौथी एक गोष्ट मी स्वतःच सांगितली नव्हती. ठाऊक असूनही मी दुरडी नेली, ही.

आता मी नगरातच एका खोलीत पोरीला घेऊन राहते. लोकांच्या गोधड्या शिवते. नवरा आला नाही, मी बोलावलंही नाही.

परवा गावाकडची एक चुलती दुरडी घेऊन आली. आईनं धाडलेली. फडक्याचे टाके मी आधी बघितले. डावीकडे कललेले, कान नसलेले. आत कापण्या. मोहन भरपूर घातलेल्या, हातात धरली की तुटत होत्या. चुलती म्हणाली, "आईनं सांगितलंय, कोर्टात भावाचं नाव घिऊ नको. म्हन मला म्हाईत न्हाई. बागाईतदार तुला जागा घिऊन देनार हाय."

त्या पहिल्या पंचमीनंतर एवढ्या वर्षांनी आईनं माझी दुरडी स्वतःच्या हातानं टाचली, तीही याच्यासाठी. मी फार रडले. दादाचा तो साय धरलेला कप मला दिसत होता.

मग दुरडी अंगणात नेली. शेजारणींना बोलावलं, त्यांच्यासमोर उसवली आणि कापण्या वाटून टाकल्या. रिकामी दुरडी चुलतीच्या हातात दिली आणि सांगितलं, फडकं माझ्याकडे राहील, गोधडीला लागेल.

सोमवारी तारीख आहे. मी दादाचं नाव घेणार आहे. मग नवऱ्याचं. मग बागाईतदाराचं, त्याच्या जमिनीच्या गट नंबरासकट. कोणी पेनाला टोपण लावलं तर ते निघेपर्यंत तिथंच उभी राहणार आहे.

आणि चौथं नाव माझं सांगणार आहे.