व्हेलबाईंच्या गाडीतला बास

कॉर्नेल मेब्रीच्या ‘चौथा मजला’ या जॅझ तबकडीची पहिली बाजू संपते तिथे, शेवटचा स्वर विरून गेल्यावर, एका वृद्ध स्त्रीचा आवाज ऐकू येतो: “बरं. आता जाऊ द्या त्याला.” हा आवाज कुणाचा, असे एका विद्यार्थिनीने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या सायंवर्गात विचारले, आणि प्रस्तुत लेखकाला उत्तर देता आले नाही. छापील समीक्षेत दोन मते सापडतात. एका मताप्रमाणे ती मुद्दाम बोलावलेली चर्चगायिका होती. दुसऱ्या मताप्रमाणे ते वाक्य मागाहून जोडलेले, ‘नाट्यपूर्ण योजनेचा भाग’ आहे. दोन्ही मते चुकीची आहेत. खरे उत्तर त्या वर्गापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या लेम्युएल पेटिग्रू या माणसाजवळ होते. त्याला ते कधी कुणी विचारलेच नव्हते.

लेम्युएल व्हेल अंत्यसंस्कारगृहाची शववाहिका चालवत असे. दक्षिण कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्गजवळ खेचरांच्या गाड्या हाकून तो तरुणपणी न्यूयॉर्कला आला होता, आणि खेचर हाकताना लागलेली सबुरी त्याने मोटारीतही सोडली नव्हती. शवपेटीवरच्या फुलांची पाकळीही ढळू नये, अशी त्याची गाडी चाले. अंत्यसंस्कारगृहाच्या वरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको ओडेसा राहत. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या होत्या. नोकरी गेली तर डोक्यावरचे छप्परही जाणार, याची आठवण ओडेसा दर रविवारी तळलेली कोंबडी वाढताना न चुकता करून देई.

मालकीण हॉर्टेन्स व्हेल विधवा होत्या, भर उन्हाळ्यातही पांढरे हातमोजे घालत आणि नोकरालाही ‘मिस्टर’ म्हणत. गाडीबाबत त्यांचा नियम एकच होता. “मिस्टर पेटिग्रू, या गाडीत मागे एकच प्रवासी बसतो, आणि तो परत येत नाही.”

हा नियम लेम्युएलने मोडला तो कॉर्नेल मेब्रीमुळे. मेब्री समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असे. अंगाने आडवा आणि स्वभावाने तापट. तो बास, म्हणजे उभे धरून वाजवायचे अवाढव्य तंतुवाद्य, वाजवी आणि स्वतःच्या वाद्यवृंदाचे नेतृत्वही करी. माणसाहून उंच, काळ्या खोळीत घातलेले ते वाद्य चार मजले उतरवून रस्त्यावर आणणे त्याला जमे; पुढे कुठे नेणे मात्र जमत नसे. भुयारी रेल्वेच्या जिन्यात वाद्याची मान एकदा मोडली होती, आणि टॅक्सी थांबत नसे.

“टॅक्सीवाल्याला एक काळा माणूस दिसला तरी ब्रेक सापडत नाही,” तो फुटपाथवर उभा राहून लेम्युएलला म्हणाला होता. “इथं तर त्याला दोन दिसतात. आणि दुसरा माझ्याहून जाड!”

“माझ्या गाडीत घाल त्याला,” लेम्युएल म्हणाला.

“तुझ्या गाडीत बसेल तो?”

“माझ्या गाडीत सगळेच बसतात, भावा. म्हणजे, झोपतात.”

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी, गाडी धुवायला न्यायच्या निमित्ताने, काळ्या खोळीतला बास शववाहिकेतून तालमीला जाऊ लागला. मेब्री पुढे लेम्युएलशेजारी बसे आणि वाटभर गात राही. वादकांना तो कागद देत नसे. प्रत्येकाचा भाग त्याच्यापुढे गाऊन दाखवी, आणि तो त्याच्या अंगात भिनेपर्यंत पुन्हा पुन्हा गाई. “कागद दिला की माणसं कागद वाजवतात,” असे त्याचे म्हणणे. त्यामुळे तबकडीतले सगळे संगीत जगात सर्वांत आधी ऐकले ते एका शववाहिकेच्या चालकाने, आणि तेही एकाच माणसाच्या घोगऱ्या गळ्यातून.

त्यातली एक संथ रचना मेब्री पुरी गात नसे. त्याचा जिवलग मित्र, सॅक्सोफोन वाजवणारा, त्या हिवाळ्यात वारला होता. रचना त्याच्यासाठी होती. मित्राला पोचवायच्या दिवशी मेब्री दूर शिकागोला कार्यक्रमात अडकला होता. गाडी लेम्युएलनेच चालवली होती. रचना अखेरीला आली की मेब्री गप्प होई आणि खिडकीबाहेर बघे. 

१९५९ च्या एप्रिलमध्ये एका मोठ्या कंपनीने मेब्रीला ध्वनिमुद्रणासाठी बोलावले. दिवस गुरुवारचा होता, पण त्याच दिवशी दुपारी चर्चचे एक पदाधिकारी, डीकन रूफस गॅडसन, यांचा अंत्यविधी होता, आणि सकाळपासून गाडी दारात सज्ज हवी, असे व्हेलबाईंनी बजावले होते. ओडेसाने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ताडले.

“आज नाही, लेम. आज नाही म्हणजे नाही.”

“अशी संधी त्याला पुन्हा मिळायची नाही गं. नुसता सोडून येतो. परत येईपर्यंत बाईंची कॉफीसुद्धा संपायची नाही.”

“आणि संपली तर? खोलीतलं सामान त्या बासच्या पोटात भरून न्यायचं का आपण?”

लेम्युएलने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. तो निघाला.

सकाळची वेळ. सातव्या अव्हेन्यूवरून शववाहिका दक्षिणेकडे चालली. फुटपाथवरच्या पुरुषांनी टोप्या काढल्या, एका म्हातारीने छातीवर हात ठेवला. चौकातल्या पोलिसाने आडवी रहदारी थोपवून धरली आणि गाडी पुढे गेली तरी ती थोपवूनच ठेवली. लेम्युएलला त्यात वावगे वाटले नाही. ही गाडी पाहून लोक असेच वागतात. मागच्या आरशात त्याला फक्त बास दिसत होता.

ध्वनिमुद्रणाची जागा म्हणजे एक जुने चर्च होते. भाविक कधीच दुसरीकडे गेले होते आणि कंपनीने आत यंत्रे बसवली होती. बाहेरून मात्र मनोरा, कमानी, रंगीत काचा सारे जिथल्या तिथे होते. लेम्युएलने गाडी पायऱ्यांशी लावली, मागचे दार उघडले, आणि तेव्हा त्याला दिसली धुळीने माखलेली एक लांबलचक मोटार. भर दिवसा दिवे लावून ती शववाहिकेला चिकटून उभी होती, आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. पाटीवर दक्षिण कॅरोलायनाचे नंबर. आतून काळ्या सुटातला एक तरुण उतरला आणि त्याने हात देऊन एका वृद्ध बाईला उतरवले. काळा झगा, काळी जाळीची टोपी, हातात पंखा.

“पाहिलंत, आत्या?” तरुण म्हणाला. “म्हटलं नव्हतं, व्हेलची गाडी दिसली की तिचं शेपूट सोडायचं नाही?”

त्या डीकन गॅडसनच्या थोरल्या बहीण एझोला गॅडसन होत्या, आणि तो त्यांचा भाचा डेल्बर्ट. रात्रभर गाडी हाकून ती दोघे हार्लेममध्ये शिरली, वाट चुकली, आणि काचेवरची ‘व्हेल’ ही सोनेरी अक्षरे दिसताच दिवे लावून मागे लागली. त्यांच्या गावाकडे शववाहिकेमागे जो लागतो तो कुणाला काही विचारत नाही, आणि त्यालाही कुणी काही विचारत नाही.

लेम्युएलच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच मेब्री आणि आतून धावत आलेल्या त्याच्या ढोलवाल्याने काळ्या खोळीतला बास बाहेर ओढून दोन बाजूंनी उचलला होता. एझोलाबाईंनी मान लववली आणि त्या जड, लांब ओझ्याच्या मागून पायरी पायरी चढत आत गेल्या. लेम्युएलही टोपी हातात घेऊन मागोमाग गेला. दुसरे काय करणार?

आत बाक नव्हते. खांबांवरून तारा लोंबत होत्या, खुर्च्यांवर वादक सँडविच खात होते. एझोलाबाईंनी सगळीकडे नजर फिरवली.

“पाळक कुठायत?”

“मावशी,” लेम्युएल म्हणाला, “पाळक नाहीत. त्या खोळीत बास आहे. चूक माझी आहे.”

“बास.” त्यांनी शब्द चाखून पाहिल्यासारखा उच्चारला. “मग माझा भाऊ कुठाय?”

“व्हेलबाईंकडेच आहे, मावशी. अगदी सुखरूप. त्याला काही झालेलं नाही.”

“काही झालेलं नाही? अरे, मेलाय तो!”

ढोलवाल्याच्या तोंडातला घास बाहेर पडला. मेब्रीने त्याच्याकडे असे पाहिले की तो घास उचलून पुन्हा तोंडात घालावा असे ढोलवाल्याला वाटले असेल.  मग एझोलाबाईंचे खांदे हलू लागले, आणि लेम्युएलला वाटले त्या रडताहेत. त्या हसत होत्या.

“रूफसला हे कळायला हवं होतं,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “जन्मभर प्रत्येक ठिकाणी उशिरा गेला. आज पहिल्यांदा वेळेवर आहे, तर आम्हीच भलतीकडे.”

लेम्युएल त्यांना तिथल्या तिथे परत न्यायला निघाला होता. पण बाईंचे पाय सुजले होते. “रात्रभर हलणाऱ्या गोष्टीवर बसलेय,” त्या म्हणाल्या. “जरा न हलणाऱ्या गोष्टीवर बसू दे. विधी दुपारी आहे ना?” मेब्रीने स्वतःची खुर्ची आणून दिली. डेल्बर्ट रेडिएटरसाठी पाणी शोधायला गेला. काचेआडच्या ध्वनितंत्रज्ञाने भोंग्यातून विचारले, ही मंडळी कोण?

“माझी माणसं आहेत,” मेब्री म्हणाला, आणि बास उभा केला.

तांबडा दिवा लागला. त्यांनी ती संथ रचना वाजवली, यावेळी शेवटपर्यंत. बाईंच्या उपस्थितीमुळे वादन अधिक उंचीवर गेले असे म्हणायला आवडले असते, पण तसा पुरावा नाही. लेम्युएलचे मत विचारले तर, मेब्रीने गाडीत ते याहून चांगले गायले होते. इतकेच खरे की बाई हात जुळवून, पंखा मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि ती रचना कुणासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

शेवटचा स्वर विरला. दिवा विझेपर्यंत श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही, हा तिथला नियम. एझोलाबाईंना तो ठाऊक नव्हता. त्यांना त्यांच्या गावचा नियम ठाऊक होता: शवपेटीचे झाकण लावण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईने निरोपाचे शब्द बोलायचे, ते होईपर्यंत पेटी कुणी उचलायची नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता जाऊ द्या त्याला.”

लेम्युएल त्याच मुलखातला होता. त्याची मान आपोआप खाली गेली.

“बाईंचा आवाज आलाय,” भोंगा म्हणाला. “पुन्हा एकदा घेऊ.”

मेब्री बासच्या मानेवर कपाळ टेकून उभा होता. “नाही,” तो म्हणाला. “त्या म्हणाल्या ना, जाऊ द्या.” आणि ते तसेच राहिले.

डेल्बर्टची गाडी अजून धुमसत होती. तेव्हा एझोलाबाई शववाहिकेत पुढच्या आसनावर बसून हार्लेमला निघाल्या, आणि डेल्बर्टने इंजिन थंड झाल्यावर मागून यायचे ठरले. वाटेत लेम्युएलने सगळे सांगितले: नोकरी, वरच्या दोन खोल्या, ओडेसा, कॉफी.

“देवाघरी न्यायची गाडी तू नाचगाण्याला जुंपतोस?” बाई म्हणाल्या.

“हो, मावशी.”

“बायकोचं ऐकत नाहीस?”

“नाही, मावशी.”

“हं. दुसरं पाप मोठं आहे.” आणि त्या डोळे मिटून बसल्या.

व्हेलबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. हातमोज्यांतली बोटे एकमेकांत गुंतलेली. लेम्युएलने गाडी थांबवली तेव्हा, त्याच्याच शब्दांत, मागे झोपलेल्यांचा त्याला प्रथमच हेवा वाटला.

“मिस्टर पेटिग्रू. ही गाडी सकाळपासून—”

एझोलाबाईंनी स्वतःच दार उघडले. गावच्या चर्चमध्ये त्यांना ज्येष्ठ मातेचा मान होता; त्या खोटे बोलणाऱ्या नव्हत्या. त्या बोलल्या ते अक्षर न् अक्षर खरे होते. “मी रूफसची बहीण. तुमच्या शहरात आम्ही वाट चुकलो, गाडी उकळली. या मुलानं मला देवाच्या जुन्या घरात बसवलं, आणि नंतर माझ्या भावापाशी आणलं. घरचं माणूसही एवढं करत नाही. तुमच्याकडे असा माणूस आहे, बाई, म्हणून मी देवाचे आभार मानते. तुमचेही मानते.”

व्हेलबाईंनी लेम्युएलकडे पाहिले, मग पाहुणीच्या सुजलेल्या पायांकडे. त्यांनी हात पुढे केला आणि एझोलाबाईंना आत नेले.

पेटी चढवायच्या वेळी मागचे दार व्हेलबाईंनीच उघडले. आत बासची काळी खोळ पडली होती. चर्चमधून निघताना लेम्युएलनेच ती रिकामी खोळ सवयीने मागे टाकली होती. बाईंनी ती बाहेर काढून व्यवस्थित घडी घातली आणि लेम्युएलच्या हातात दिली.

“माणूस बराच उंच दिसतोय,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“पुढच्या वेळी वर फुलं ठेवत जा. बिनफुलांची गाडी रस्त्यातून जाताना बरी दिसत नाही. आमचं नाव आहे तिच्यावर.”

त्या संध्याकाळी मेब्रीचा बास डीकन गॅडसनच्या उरलेल्या पांढऱ्या कार्नेशन फुलांखाली घरी आला. फुटपाथवरच्या लोकांनी टोप्या काढल्या.

पुढे दर रविवारी, जेवणाआधीच्या प्रार्थनेत, लेम्युएल अन्नाबरोबर आणखी तिघांचे आभार मानू लागला: व्हेलबाईंचे, एझोलामावशींचे आणि डेल्बर्टच्या रेडिएटरचे. कोंबडी निवते म्हणून ओडेसा कुरकुरे. पण रेडिएटरचे नाव चुकून राहिले, तर तीच आठवण करून देई. दर उन्हाळ्यात ती दोघे ऑरेंजबर्गला जात आणि तिथे राहणाऱ्या एझोलाबाईंना स्वतःच्या गाडीतून नदीपर्यंत फिरवून आणत. तबकडी बाईंनी एकदाच ऐकली. स्वतःचा आवाज ओळखू येत नाही, असे त्यांचे मत पडले.

एझोला गॅडसन १९६८ च्या ऑक्टोबरात वारल्या. त्यांना पोचवणारी गाडी व्हेल अंत्यसंस्कारगृहाची होती, ती हार्लेमहून आली होती, आणि लेम्युएल पेटिग्रू ती चालवत होता.