पाणी कुठं जातं ते लोरेनला विचारा

गवत कापणाऱ्या बाईला बर्फातलं काय कळणार, असं म्हणणारे साहेब लोरेन पिएतरासने तीस वर्षांत ढिगाने पाहिले. बहुतेकांच्या काखेत फाइल असायची आणि पायात ऑफिसचे बूट. ती त्यांच्याशी भांडायची नाही असं नाही, चांगली भांडायची. पण भांडण टेबलावर नाही, जमिनीवर उभं राहून.

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या पूर्वेला, चीकटोवागात, हेमलॉक कोर्ट म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या तीन इमारती आहेत. त्यांचं आवार अठरा वर्षं लोरेनकडे. एप्रिलपासून गवत, कुंपणाची झुडपं, फुलांचे वाफे. नोव्हेंबर लागला की त्याच ट्रकच्या नाकाला लोखंडी फाळ चढतो आणि जवळच्या मोठ्या सरोवरावरून येणारा बर्फ ढकलायचा. गुडघाभर बर्फात सगळं आवार एकसारखं दिसतं. रस्ता कुठला, हिरवळ कुठली, आगीच्या बंबाचा नळ कुठला, काही पत्ता लागत नाही. म्हणून ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत, कडेकडेने केशरी खुंट्या ठोकतात. त्याच दिवशी व्यवस्थापक आणि कंत्राटदार मिळून आवारातून फिरतात, बर्फाचे ढीग कुठे घालायचे ते ठरवतात आणि नकाशावर सह्या करतात. सही झाली की हिवाळ्याचं काम पक्कं.

त्या वर्षी व्यवस्थापक नवा होता, कर्टिस हॉल्डमन. वय बत्तीस-तेहतीस, बोलायला गोड. नकाशावर लाल वर्तुळ तो घरूनच काढून आला होता. सगळा बर्फ मागच्या कोपऱ्यात, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा. लोरेनला जमणार नसेल तर आणखी दोघांशी बोलणं झालंय, हेही त्याने हसत हसत सांगून टाकलं. हेमलॉक कोर्ट हातचं गेलं तर तिच्या चार कामगारांतली दोन माणसं हिवाळाभर घरी बसणार होती. तिला ते माहीत होतं, आणि त्यालाही.

"मागचा कोपरा उंच आहे," लोरेन म्हणाली.

"सपाट आहे मॅडम. दिसतंय की."

"तुला दिसतंय. मला माहीत आहे."

अठरा उन्हाळे त्या कोपऱ्याच्या कडेचं गवत कापताना तिचं यंत्र आपसूक खाली ओढ घ्यायचं. डोळ्याला न दिसणारा उतार मनगटाला कळतो. पण खरं सांगायचं तर पहिल्या हिवाळ्यात तो तिलाही कळला नव्हता. तेव्हा तिनेच ढीग तिथे घातला होता. मार्चमधल्या एका दुपारी ऊन पडलं, ढीग वितळला, पाणी आवारभर वाहत आलं आणि रात्रीत त्याची काच झाली. पाणी गोठू नये म्हणून लोरेनने संध्याकाळी मीठ टाकलं होतं. पाण्याने ते धुऊन नेलं. सकाळी चर्चला निघालेली जेनेव्हीव्ह आजी, जिला सगळं आवार पोलिश पद्धतीने बुशा, म्हणजे आजी, म्हणतं, मधल्या इमारतीच्या दारातच पडली. खुबा मोडला. लोरेन सहा आठवडे तिच्याकडे सूप घेऊन जात राहिली. दोष उन्हावर किंवा मिठावर ढकलला नाही. चूक माझी, असं एकदा सांगितलं आणि त्यानंतर बर्फ कधी आंधळेपणाने ढकलला नाही.

हे सगळं ती कर्टिसला सांगत बसली नाही. असल्या गोष्टी ऐकल्या की साहेब लोक आधी वकिलाला फोन करतात.

उन्हाळ्यात लावलेल्या मेपलच्या रोपांना पाणी घालायची टाकी अजून ट्रकवरच होती, अर्धी भरलेली. लोरेनने ट्रक मागे घेत लाल वर्तुळाच्या जागी नेला, उतरली आणि तोटी पूर्ण उघडली. कर्टिस मधल्या इमारतीच्या दाराशी, चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारापाशी उभा राहून फोन बघत होता. ही काय करतेय म्हणून दोन-तीन म्हाताऱ्या बाहेर आल्या. बुशाही आली, आता एक्याण्णव वर्षांची, आपल्या चाकांच्या आधारगाड्याच्या बैठकीवर टेकून बसली.

पाण्याला कसली घाई नव्हती. एका गाडीच्या चाकाला वळसा घालून, पिवळे पट्टे ओलांडत ते सरळ दाराकडे आलं. चार-पाच मिनिटं लागली असतील. कर्टिसने मान वर केली तेव्हा ते त्याच्या बुटांना टेकलं होतं.

बुशा शांतपणे म्हणाली, "पाय उचल, बाळा. मला उचलता आला नव्हता."

कोणी हसलं नाही. कर्टिसने बुटांकडे पाहिलं, मग बुशाच्या गाड्याकडे. आवाज उतरवून त्याने विचारलं की मग ढीग घालायचा कुठे. लोरेनने ऑफिससमोर बोट दाखवलं. आवारातली सगळ्यात खोल जागा तीच, गटाराची जाळी तिथेच. जाळीचं तोंड मोकळं ठेवून शेजारी ढीग घातला की वितळलेलं पाणी थेट आत जातं.

"ती माझ्या गाडीची जागा आहे."

"हो ना. म्हणून तर लाल वर्तुळ इतकं लांब गेलं."

कर्टिस काही बोलायच्या आत बुशाच बोलली, की चालणं तब्येतीला बरं असतं, डॉक्टर तिलाही हेच सांगतो. आता मात्र म्हाताऱ्या खुसखुसल्या. कर्टिसचे कान लाल झाले, पण त्याने पेन काढलं, वर्तुळ खोडलं आणि सही केली. लोरेनने लगेच पहिली खुंटी उचलली आणि त्याच्याच नावाच्या पाटीशेजारी त्याच्या हातात दिली.

"सरळ धर. हातोडी माझी, बोटं तुझी."

सरोवराने त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यालाच दोन फूट बर्फ टाकला. सकाळी सातच्या आत तिन्ही दारं मोकळी होती आणि ऑफिससमोरच्या ढिगात कर्टिसच्या पाटीची फक्त वरची कड दिसत होती. तो मागच्या उंच कोपऱ्यात गाडी लावून, आवार ओलांडून चालत आला. लोरेनने ट्रकची काच खाली केली आणि त्याच्या पायांकडे पाहिलं. रबरी तळाचे, पोटरीपर्यंतचे, नवे कोरे.

"बूट बरे घेतलेस," ती म्हणाली, फाळ उचलला आणि पुढच्या आवाराकडे निघाली.