मिस्त्रीची उघडी कॉइल

वेढे मिस्त्री तार गुंडाळायला बसला की साक्षात कलेक्टर आला तरी मान वर करत नसे. रेडिओच्या कॉइलचे वेढे तो ओठांत मोजायचा, म्हणून गावानं हे नाव पाडलं. "राम राम" घातला तर उत्तर पन्नास वेढ्यांनंतर. मला संताप यायचा. अमडापूरच्या बाजारात माझं पत्र्याचं दुकान त्याच्या दुकानाला लागून होतं. मी काही ऐरागैरा नव्हतो.

त्याचं एकच पालुपद. "वेढ्याले वेढा चिकटू द्याचा नाही, अन् कॉइलजवळ लोखंड येऊ द्याचं नाही. जीव खाते ते तिचा." मी चौथी शिकलेलो. मला वाटायचं, भाव खाऊन राह्यला.

पंचायतीच्या रेडिओवर नागपूर नीट लागत नव्हतं. मिस्त्रीनं तीन दिवस खपून नवी कॉइल गुंडाळली, मेण लावलं. आवाज खणखणीत आला. पण कॉइल मला बोडकी दिसली. तो जेवायला गेला तेव्हा मी तिच्यावर चकचकीत पत्र्याचं झाकण घट्ट बसवून कथलाचा डाग दिला. न विचारता. माझ्या हातचं काम साऱ्या गावानं पाहावं म्हणून.

संध्याकाळी चावडीवर रेडिओ नुसता पुटपुटला. सरपंच म्हणाले, "काय हो मिस्त्री, कॉइल गुंडाळली का गोधडी शिवली?" सगळे हसले.

मिस्त्रीनं मागची फळी काढली. झाकण पाहिलं, मग मला पाहिलं. मी चपलेकडे पाहत राहिलो.

"दहा मिनटं द्या, सरपंच."

"राहू द्या. खामगावचा माणूस आणतो."

"माह्याकडूनच चुकलं," एवढं बोलून तो उठला.

खामगावच्या माणसानं फक्त झाकण उपटलं. सरपंचांनी हार त्याला घातला.

मी मिस्त्रीवर ओरडलो, "काऊन नाही घेतलं माहं नाव?"

"नाव घेऊन कॉइल सुधरते का बे? पुढच्या टायमाले पत्रा दूर ठेव."

गिऱ्हाईक तुटलं. दोन महिन्यांत तो सामान एसटीवर टाकून गेला. कुठं, ते सांगितलं नाही. हा राग माझ्या पोटात अजून आहे. त्यानं मला शिव्या द्यायच्या होत्या, पत्रा फेकून मारायचा होता! एवढं मोठेपण कोणी मागितलं होतं?

आता नातू पुण्याला चिपांचं काम करतो. म्हणतो, "आबा, चिपमधल्या कॉइलीचा जीव खालचं सिलिकॉनच खातं. म्हणून आम्ही तिच्याखाली पोकळी कोरतो."

"हे वेढे मिस्त्रीनं अमडापुरात सांगितलं होतं!" मी खेकसलो.

"मग चावडीवर त्याचाच रेडिओ कसा बसला?"

गाव अजून हेच विचारतं, त्यानंही तिथंच ऐकलेलं. मी तिथून उठून गेलो. आज हे लिहिलंय. हा कागद आधी चावडीवर वाचणार, मग नातवाला धाडणार.