संकासुराला समोर माणूस लागतो

आपल्या गावातलं काही परदेशी जायला निघालं की तुमची मान ताठ होते, आणि परदेशातलं काही तुमच्या घरात शिरलं की कपाळाला आठी पडते. हे दोन्ही एकाच वेळी तुम्हाला कसं जमतं? मला जमत होतं, म्हणून विचारते.

माझ्या वडिलांचा मालवणात छापखाना आहे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘जाहीर निषेध’ हे मला जोडाक्षरांच्या धड्याआधी येत होतं. त्यामुळे आमच्या आचऱ्यातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली कोरियन गाण्यावर नाचल्या, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं: ‘परकीय संस्कृतीचे आक्रमण ओळखा’. नाचणाऱ्यांत माझी धाकटी बहीण होती. तिने पत्रकाची होडी करून माझ्या उशीवर ठेवली.

त्याच आठवड्यात काकाला सरकारी पत्र आलं. काका दिवसा काजूची बाग बघतो आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात संकासूर होतो. काळे कपडे, काळं तोंड, आणि काम एकच: खेळाच्या सुरुवातीला येऊन समोर बसलेल्यांची फिरकी घेणं. यंदा त्याने सरपंचांना विचारलं होतं, “रस्त्याचां डांबर माज्या तोंडाक फासलां, असां लोक म्हणतत. खरां काय?” सरपंच बसल्या जागेवरून ओरडले, “तरी तुज्या तोंडाक पुराक नाय!” देऊळभर हसू.

पत्रात लिहिलं होतं की जर्मनीतल्या भारत महोत्सवासाठी काकाच्या दशावतारी कंपनीची निवड झाली आहे. खेळ वीस मिनिटांचा. संवाद आधी लिहून पाठवायचे, कारण भाषांतर पडद्यावर दिसेल. ते देशाच्या प्रतिमेला साजेसे असावेत, त्यांत कोणाची टिंगल नसावी. सोबत चित्रफीत हवी. पसंत पडली तर जायचं, नाहीतर दुसरी कंपनी.

काका साठीला आलाय. तो गोव्यापलीकडे कधी गेलेला नाही. त्याला जायचं होतं.

“बाय, तू लिवन दी,” तो मला म्हणाला.

“तू काय बोलतलंस तां सांग, मी लिहिते.”

“समोर कोण बसलो आसा तां बघल्याशिवाय संकासूर बोलतलो काय?”

मला संताप आला. नकार दे म्हणावंसं वाटलं. बहिष्काराचा मजकूर डोक्यात तयारही झाला. पण काकाने कपाटातून नवी बॅग काढून दारच्या खळ्यात उन्हाला ठेवली होती. मी बारा वाक्यं लिहिली. प्राचीन परंपरा, विश्वबंधुत्व, अतिथी देवो भव.

काकाने ती वाचली. “ह्यां तुझां पत्रक झालां गो.”

बहीण मोबाईलवरून मान न उचलता म्हणाली, “म्हणजे काका थंय गेलो की संस्कृती, आणि माजी कोरियन सिरियल हंय इली की आक्रमण?”

“त्यांचं सरकार ठरवून पाठवतं ते.”

“आणि काकाक कोण पाठवता?”

ती पुढे म्हणाली, “सिरियलीतली सासू सुनेक टोमणो मारता तेवा माका आपली काकी दिसता. तां काय माका तेंच्या सरकारान शिकवलां?”

काकी स्वयंपाकघरातून ओरडली, “माका अजून सून नाय, मी टोमणो मारू कोणाक?”

“आणि माका मारतस तो?” बहीण म्हणाली.

सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना मला माझी बाजू कुठली तेच कळेना. बहीण फसली आहे, की मी? काका निघालाय, की त्याचं फक्त काळं तोंड निघालंय? इतकी पत्रकं लिहिली, पण या प्रश्नांना शीर्षक सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

सकाळच्या उन्हात चित्रफीत केली. काका बारा वाक्यं बोलला, रेशनच्या रांगेत नाव सांगावं तशी. पसंत पडली.

आता पुढच्या महिन्यात तो जातोय. काल भाकरी मोडताना हळूच म्हणाला, “थंय जां सुचात तां मी बोलतलंय. पण उलटून कोण बोलतलो गो?” पडद्यावर तेव्हा माझं विश्वबंधुत्व चाललेलं असेल. लोक ते वाचतील आणि सभ्यपणे टाळ्या वाजवतील. त्या शांततेची काकाला भीती वाटते, विमानाची नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक मागणं आहे. तुमची मुलगी, भाचा, मित्र, कोणी जर्मनीत असेल तर आजच फोन करा. खेळाला जायला सांगा, पहिल्या रांगेत बसायला सांगा. आणि काळ्या तोंडाचा म्हातारा त्यांच्याकडे बघून काही बोलला, तर पडदा न वाचता त्याला मोठ्याने उलट उत्तर द्यायला सांगा. मालवणी येत नसेल तरी चालेल.