न खाल्लेल्या भरताचा दोष

फुटबॉलचं नाव कुणी काढलं की मला आधी लसणाचा वास येतो. हसू नका. धुळ्याला आमच्या सासऱ्यांच्या ओट्यावर हरलेल्या सामन्याची चर्चा बसायची, आणि त्या चर्चेला बसलेला एकूण एक माणूस गळ्याशी येईस्तोवर भरीत खाऊन आलेला असायचा. दहा-बारा बाप्ये एका ओट्यावर ढेकर देत, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारत, 'आपण हरलो कसे' याचा शोध लावत बसले की त्या ओट्याची काय दशा होते, ते दुसऱ्या दिवशी तो धुणाऱ्या बाईला विचारावं. ती बाई मी.

माझं माहेर धरणगावचं, म्हणजे पूर्व खान्देशातलं. सरकारने खान्देश जिल्ह्याचे पूर्वेला जळगाव नि पश्चिमेला धुळे असे दोन तुकडे केले तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण सासरच्या पुरुषांच्या मनात ते तुकडे मीच केले होते. जळगावकडच्या माणसाने शिंक दिली तरी यांना ती डिवचण्यासाठीच दिली असं वाटे. आणि तरी दरसाल चंपाषष्ठीला आमचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, जळगावच्या संघाला आमंत्रण धाडायचे. पांझरा नदीच्या काठी खंडोबाचं ठाणं, त्याच्या शेजारी मोकळं मैदान. तिथे तळी भरायची, जेवायचं आणि मग फुटबॉल खेळायचा.

आबांनी स्वतः जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. पण चेंडू आमच्या घरी होता, माजघरातल्या खुंटीला टांगलेला, म्हणून संघात कोण असेल आणि कोण नसेल ते आबा ठरवत. त्यांचे दोन्ही मुलगे संघात होते. थोरले आमचे हे, बॅकला खेळायचे. धाकटे माझे दीर, गोलकीपर.

भाऊजी उंच, काटकुळे, हात गुडघ्यापर्यंत लांब. शाळा सुटलेली, धंद्यात मन नाही, घरात उठता-बसता बोलणी. पण गोलात उभे राहिले की निराळेच दिसायचे. भल्या पहाटे आबा उठायच्या आत ते मला परसात बोलवायचे. मी चुलीपुढचं काम टाकून उभी राहायची आणि कधी लिंबं, कधी कांदे त्यांच्या अंगावर जोराने फेकायची. ते डावीउजवीकडे झेपा टाकून झेलायचे. एखादा निसटला की म्हणायचे, "वहिनी, परत टाका, तस्साच." सगळ्या जगात त्यांना 'शाबास' म्हणणारी ती एकच जागा होती, दोन खांबांमधली. ती गेली असती तर त्यांच्यापाशी काहीच उरलं नसतं, हे मला माहीत होतं आणि आमच्या यांनाही पक्कं माहीत होतं.

आता भरताचं सांगते, कारण तिथेच सगळी माती झाली. आमच्याकडे आषाढीपासून वांगं बंद. चातुर्मास संपला तरी वांग्याला सुटका चंपाषष्ठीलाच. खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग घरात वांगं शिजायचं. पाच महिने वांग्यावाचून राहिलेला खान्देशी माणूस आणि समोर ताजं भरीत! आम्ही बायका पहाटेपासून नदीकाठी. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर पांढरट हिरवी, हातात मावणार नाहीत एवढी वांगी भाजायची, सालं काढून लाकडी मुसळाने ठेचायची, वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची धार. सोबत पुऱ्या आणि उडीद-ज्वारीच्या कळण्याच्या भाकरी. आणि वाढताना आग्रह. आमच्याकडे आग्रह म्हणजे नुसतं 'घ्या' म्हणणं नव्हे. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. 'नको' म्हणणाऱ्याला घरच्यांची शपथ घालतात.

त्या साली जळगावकर आले, देवाला भंडारा वाहिला, तळी उचलताना 'येळकोट येळकोट' म्हणत आमच्याहून मोठा घोष केला आणि मग त्यांचा म्होरक्या हात जोडून म्हणाला, "आबा, देवाचा घास घेतो. पण पंगतीला सामना झाल्यावर बसू."

एकेकाने प्रसादाचा घास तोंडात टाकला आणि निघाले मैदानावर चेंडू लाथाडायला. आमच्या लोकांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले. "घाबरले! भरीत पचत नाही जळगावकरांना!" आणि बसले पंगतीला.

काय ते खाणं! आमच्या यांनी पुऱ्या किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, मोजणाऱ्याला चक्कर आली असती. फॉरवर्डचे दोघे एकमेकांना शपथा घालत होते. आबांचे जिवलग दोस्त नाना, तोंड सोडून दुसरं काही न चालवणारा माणूस, पंगतीतून फिरत प्रत्येकाच्या पानात स्वतःच्या हाताने भरताचा गोळा टाकत होते. "खा रे, अंगात जोर यायला पाहिजे!"

भाऊजींनी मात्र देवाचा घास घेतला आणि पान सरकवलं.

"खाय ना भो, देवना परसाद शे," नाना म्हणाले.

"परसाद लिधा नाना. खेय व्हई जाऊ द्या, मंग खासू." आता प्रसाद घेतला, बाकीचं सामन्यानंतर, एवढंच ते म्हणाले. नानांचा गोळा हातातच राहिला. सगळ्या पंगतीसमोर आग्रह मोडला होता. नानांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

सामना आम्ही बायकांनी चुलीपाशी भांडी घासता घासता पाहिला. पाहिला म्हणजे काय, पाहायला लागला. जळगावची पोरं वाऱ्यासारखी धावत होती आणि आमचे वीर मैदानात पोटावर हात ठेवून चालत होते. एक फॉरवर्ड मध्येच बाभळीआड गेला तो बराच वेळ आला नाही. आमचे हे तर गोलापाशी कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. शेजारून चेंडू घेऊन माणूस निघून जायचा आणि हे मान वळवून त्याच्याकडे पाहायचे. एकटे भाऊजी तेवढे झेपा टाकत होते. कोपराची सालं निघाली, गुडघा फुटला. किती चेंडू अडवले देव जाणे. पण समोर सगळं रान मोकळं सोडल्यावर एकट्याने काय काय अडवायचं? तीन गोल झाले. आम्ही एकही केला नाही.

मग जळगावकर नदीवर हातपाय धुऊन आले आणि शांतपणे जेवायला बसले. काय चवीने जेवले! "वहिनी, असं भरीत आमच्याकडे नाही," असं मला तिघांनी सांगितलं. भांडं पुसून गेले. भाऊजींना घासभरही उरलं नाही.

दिवेलागणीला ओटा भरला. मी दाराआड चहा घेऊन उभी. पहिल्यांदा मैदानाला शिव्या झाल्या, म्हणे उतार जळगावच्या बाजूने होता. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे कुणालाच आठवेना. मग रेफरी. मग चेंडूत हवा कमी होती. नाचता येईना, अंगण वाकडं! प्रत्येक वाक्याला एक ढेकर, प्रत्येक ढेकरेला लसूण, आणि तरी एका माईच्या पुताच्या तोंडून निघेना की बाबांनो, आपण हादडलं आणि म्हणून हरलो.

शेवटी नानांनी तंबाखू मळली, ओट्याच्या कडेला थुंकले आणि म्हणाले, "मी सांगू का? बठ्ठासनी खादं, ह्यानीच नही खादं."

सगळ्यांनी खाल्लं, यानेच नाही खाल्लं. अन्नाचा अपमान, देवाचा अपमान. शिवाय उपाशी माणूस काय गोल अडवणार? बघता बघता सगळ्यांना पटलं. इतका वेळ पोट धरून बसलेली माणसं तरतरीत झाली. गोल कुणाच्या हातातून गेले? त्याच्याच ना? मग! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. भाऊजी खाली पायरीवर बसले होते, गुडघ्याला हळद लावून. त्यांनी मान वर करून आमच्या यांच्याकडे पाहिलं.

आमचे हे. बॅकला उभे होते, गोलापासून हातभर अंतरावर. कोण कसा खेळला ते यांच्याइतकं जवळून कुणीही पाहिलं नव्हतं. एक शब्द पुरला असता. 'आबा, त्याने नसतं अडवलं तर दहा झाले असते,' एवढंच. हे धोतराच्या सोग्याशी चाळा करत बसले. मूग गिळून म्हणतात ना, तसे. पोटात भरताला जागा होती तर मुगाला कशी नसेल!

मला राहवलं नाही. दाराआडून मी भरताचं रिकामं पातेलं उचललं आणि ओट्यावर नेऊन आदळलं. सासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मी! म्हटलं, "आबा, खेळायच्या आधी हे निम्मं रिकामं कुणी केलं ते विचारा. जळगावच्यांनी आधी का नाही खाल्लं तेही विचारा."

आबा काही बोलायच्या आत नाना हसले. "बोलणारच. पूर्वेकडचीच ना शेवटी."

सगळे खो खो हसले. शी! त्या हसण्याची मला आजही किळस येते. त्यातला एक आवाज आमच्या यांचा होता. मोठा नव्हता, पण होता.

आबांनी निकाल दिला. भाऊजी संघात नकोत. आणि पुढल्या साली पोटभर भरीत खाल्ल्याशिवाय कुणीही मैदानात पाऊल टाकायचं नाही, म्हणजे देवाचा दोष जाईल. भाऊजी उठले, अंगातला संघाचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा काढून घडी घातली, आबांच्या पायाशी ठेवली आणि उघड्या अंगाने आत निघून आले. मार्गशीर्षातली थंडी होती.

महिन्याभरात ते जळगावला गेले. तिकडच्या एका कापसाच्या जिनात कामाला लागले. ओट्यावर सगळे म्हणाले, बरं झालं, ब्याद गेली.

पुढच्या चंपाषष्ठीला जळगावचा संघ आला तेव्हा त्यांच्या गोलात भाऊजी उभे होते. अंगाने भरले होते. आल्या आल्या आबांच्या पाया पडले, आबांनी पाय मागे घेतले. माझ्या पाया पडले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, माझं राखून ठेवा." इकडे पंगत बसली होती. आता तर खाणं हा संघाचा हुकूमच झालेला. ज्याला नको त्यालाही दाबून बसवलं. पुढे काय झालं ते सांगण्यासारखं काय आहे? आमच्यातला एकच जण चेंडू घेऊन भाऊजींपर्यंत पोचला आणि तिथे त्याला धाप लागली. चार गोल खाल्ले.

संध्याकाळी ओटा पुन्हा भरला. तेच लसूण, त्याच पिचकाऱ्या. या वेळी शोध लावायला वेळ लागला नाही. घरभेदी! त्याला आपली सगळी अंडीपिल्ली माहीत, म्हणून हरलो. मी चहा दिलाच नाही. मागच्या दाराने भाऊजी आले आणि चुलीपाशी बसले.

"वहिनी, भरीत शे का?"

"शे ना. बसा." झाकून ठेवलेलं पातेलं मी पुढे ओढलं. ते जेवत होते आणि मी पाहत होते, तेवढ्यात हे माजघरातून आले. भावाला पाहून उंबऱ्यावरच थबकले. मग अगदी हलक्या आवाजात, ओट्यापर्यंत जाऊ नये इतक्या हलक्या, म्हणाले, "गेल्या साली तुझी चूक नव्हती रे. मला ठाऊक होतं."

भाऊजी जेवत राहिले.

मी म्हटलं, "हे ओट्यावर जाऊन सांगा. दार उघडं आहे."

यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर नाना म्हणत होते की असल्या बेइमानाचा पाय उंबऱ्याला लागू देऊ नये, आणि आबा 'हो' म्हणत होते. हे ऐकत उभे राहिले. मला खरंच वाटलं, आता जातील. मग यांनी दार लोटून घेतलं, भावाशेजारी पाट ओढला, बसले आणि म्हणाले, "मलाही वाढ थोडं."

मी पातेल्यातलं होतं नव्हतं तेवढं खरवडून भाऊजींच्या ताटात घातलं आणि पातेलं यांच्यासमोर पालथं ठेवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात यांना वाढलं नाही असं तेवढं एकदाच.

भाऊजींनी क्षणभर त्या पालथ्या पातेल्याकडे पाहिलं. मग आपल्या ताटातली भाकरी मोडली, अर्धी त्यावर भरीत घालून भावाच्या हातात दिली. आणि यांनी ती खाल्ली.